एक मतदार, दोन मते

२० नोव्हेंबर २०२४ या दिवशी नांदेड लोकसभा मतदारसंघातील मतदाराने एकाच खोलीत दोनदा बटण दाबले. एक मत विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीचे होते. दुसरे लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे. कारण जूनमध्ये निवडून आलेले खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला निवर्तले होते आणि त्यांच्या खासदारकीला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. विधानसभेच्या यंत्रावर गुलाबी कागद, लोकसभेच्या यंत्रावर पांढरा. बोटाला शाई मात्र एकदाच.

तीन दिवसांनी मोजणी झाली. या लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात : भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर व मुखेड. सहाच्या सहा महायुतीने जिंकले. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, म्हणजे दिवंगत खासदारांचे चिरंजीव, यांच्याकडे गेली. त्यांना ५,८६,७८८ मते पडली. भारतीय जनता पक्षाचे संतुकराव हंबर्डे यांना ५,८५,३३१. अंतर १,४५७.

असा निकाल लागला म्हणजे गावात दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर यंत्राकडे बोट दाखविते. परंतु त्याच खोलीत शेजारी शेजारी मांडलेल्या दोन यंत्रांनी दोन वेगळ्या पक्षांना कौल दिल्यावर यंत्राला दोष देणाऱ्या दोन्ही बाजूंची पंचाईत होते, म्हणून ते उत्तर आम्ही येथेच सोडतो. दुसरे उत्तर सहानुभूतीचे. ते खोटे नाही. बापाच्या मृत्यूनंतर मुलगा उभा राहिला की चार मते अधिक पडतात, हे आपल्याकडे जुनेच आहे. पण सहानुभूतीने एक जागा समजते, बाकीच्या सहा समजत नाहीत. नायगाव हे तर वसंतरावांचे स्वतःचे गाव. तेथून ते २००९ व २०१४ साली आमदार झाले होते. त्या नायगावचा आमदारही २०२४ साली भाजपचाच निवडून आला. तेव्हा सहानुभूती एका यंत्रापाशी जागी होती आणि दोन हात पलीकडच्या यंत्रापाशी झोपली होती, असे म्हणावे लागेल.

आमचे म्हणणे असे की, हा निकाल चमत्कारिक नाही. नांदेडचा मतदार लोकसभेच्या मताचा हिशेब पहिल्यापासून वेगळ्या वहीत मांडत आला आहे. ती वही आजवर दिसली नाही. कारण या जिल्ह्यात पक्ष आणि घराणे ही दोन नावे दीर्घकाळ एकाच ओळीत लिहिली जात होती. २०२४ साली ती दोन ओळींत आली आणि वही उघडी पडली.

हे नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

नांदेडने लोकसभेसाठी पहिले मत दिले ते हैदराबाद राज्यात असताना. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली आणि पुढच्या चार वर्षांच्या आत, ज्यांनी राजा निवडण्याची गोष्ट स्वप्नातही पाहिली नव्हती, त्या बायाबापड्यांसमोर पत्र्याच्या पेट्या येऊन पडल्या. त्या वेळची रीत आज अनेकांच्या स्मरणात नाही. कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे आणि मतदाराने आडोशाला जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. शिक्क्याची पद्धत देशभर रूढ झाली ती १९६२ च्या निवडणुकीपासून.

नांदेडची आणखी एक गंमत अशी की, हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. १९५२ साली शंकरराव टेळकीकर व देवराव कांबळे हे दोघे निवडून आले. १९५७ साली नांदेड मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात आले होते, संयुक्त महाराष्ट्राचे वारे वाहत होते. त्या निवडणुकीत नांदेडने काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले अशी जोडी दिल्लीला धाडली. एक सत्तेतला, एक विरोधातला. दोन पेट्या मिळाल्या की दोन बाजूंना मत टाकण्याची हौस नांदेडला काही २०२४ मध्येच सुचली असे नाही!

दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने मोडले. आंध्रात पार्वतीपुरम येथे १९५७ साली राखीव आणि सर्वसाधारण अशा दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरींसारखा मोठा माणूस पडला; तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढा मोठा मतदारसंघ पायाखाली घालणे उमेदवारांनाही जड जात होते. १९६२ पासून नांदेडला एकच खासदार उरला.

त्या वर्षी निवडून आले ते तुळशीदास जाधव, सोलापूरचे. बाहेरचा माणूस काँग्रेसच्या नावावर नांदेडातून जाऊ शकत असे, ही त्या काळची गोष्ट. पुढे १९६७ व १९७१ मध्ये व्यंकटराव तरोडेकर. १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका बरोबरच होत. १९७१ साली इंदिरा गांधींनी लोकसभेची निवडणूक मुदतीपूर्वी घेतली, महाराष्ट्र विधानसभेची १९७२ मध्ये झाली आणि दोन मतांची ताटातूट झाली. आमच्या मते ही ताटातूट फार महत्त्वाची आहे. तोपर्यंत खासदाराचे मत आमदाराच्या मतामागून चालत असे, बैलामागून गाडी जावी तसे. आता त्या मताला स्वतःची वेळ आणि स्वतःचा विषय मिळाला.

पुढच्याच निवडणुकीत त्याचा प्रत्यय आला. १९७५ पासून शंकरराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. मराठवाड्याच्या वाट्याला आलेले हे पहिले मुख्यमंत्रिपद, तेही नांदेडच्या घरात. पाटबंधाऱ्यांवर त्यांची पकड अशी की आजही गोदावरीच्या पाण्याचा विषय निघाला की त्यांचे नाव निघते. विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात ते त्यांच्यावरूनच. असा माणूस मुख्यमंत्री असताना मार्च १९७७ मध्ये त्यांच्याच जिल्ह्याने लोकसभेला काँग्रेसचा पराभव केला आणि शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे यांना निवडून दिले. कंधारचे धोंडगे म्हणजे सभागृह असो की बाजाराचा चौक, आवाज एकच. आणीबाणीचा राग देशभर होता हे खरे; पण महाराष्ट्रात मुख्यमंत्र्याच्या अंगणात तो राग व्यक्त होणे ही वेगळी गोष्ट आहे. मुख्यमंत्र्यांविषयी नांदेडकरांना आदर नव्हता काय? होता. तो त्यांनी दुसऱ्या खात्यावर जमा ठेवला. १९८० साली शंकरराव स्वतः उभे राहिले, तेव्हा याच मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. १९८४ साली पुन्हा पाठविले.

शंकरराव १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री होऊन मुंबईला आले, जागा रिकामी झाली आणि १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोकराव चव्हाण उभे राहिले. समोर प्रकाश आंबेडकर होते. अशोकराव जिंकले, पण दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, नांदेडचे डॉक्टर व्यंकटेश काब्दे जनता दलाच्या वतीने उभे राहिले आणि अशोकराव पडले. १९९१ साली काँग्रेस परत आली सूर्यकांता पाटील यांच्या रूपाने, १९९६ मध्ये गंगाधरराव कुंटूरकर आले, १९९८ व १९९९ मध्ये भास्करराव खतगावकर, जे अशोकरावांचे मेव्हणे. २००४ साली देशात काँग्रेस सत्तेवर येत असताना नांदेडात भाजपचे डी. बी. पाटील निवडून आले. २००९ मध्ये खतगावकर परतले. २०१४ मध्ये सारा महाराष्ट्र मोदींच्या लाटेत गेला, काँग्रेसच्या पदरी राज्यात दोनच जागा पडल्या, नांदेड आणि शेजारचे हिंगोली. नांदेडात अशोकराव ८१,४५५ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये तेच अशोकराव भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांच्याकडून ४०,१४८ मतांनी हरले.

ही नावे वाचकांना पाठ असतील. आम्ही ती एवढ्यासाठी मांडली की, त्यांत एक लय आहे आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. १९७७ पासून २०१९ पर्यंत काँग्रेसेतर पक्षाने ही जागा चार वेळा जिंकली : १९७७, १९८९, २००४, २०१९. मधले अंतर बारा, पंधरा, पंधरा वर्षांचे. आणि या चौघांपैकी एकालाही दुसरी मुदत मिळाली नाही. धोंडगे एकदा, काब्दे एकदा, डी. बी. पाटील एकदा, चिखलीकर एकदा. पिढीतून एकदा मतदाराने काँग्रेसला दाराबाहेर उभे केले, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा आत घेतले. सुनेने माहेरी जाऊन राग दाखवावा आणि सणाला परत यावे, अशातला हा प्रकार. याला 'बालेकिल्ला' म्हणण्याची वर्तमानपत्रांना सवय लागली आहे. बालेकिल्ल्याचे दरवाजे आतून दर पंधरा वर्षांनी उघडत नाहीत.

आता घराण्याविषयी. चव्हाण घराण्याने या जिल्ह्यात काय केले, काय केले नाही, याचा हिशेब हा आमचा आजचा विषय नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे : लोकसभेचे मत घराण्याला पडत होते की पक्षाला? २०२३ पर्यंत याचे उत्तर देणे अशक्य होते. दूध आणि पाणी एकत्र होते. अर्थात काही खुणा मिळत होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेत काँग्रेसने अशोकरावांच्या नेतृत्वाखाली ८१ पैकी ७३ जागा घेतल्या. इतका एकतर्फी निकाल क्वचित लागतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मे २०१९ मध्ये, ते लोकसभेला पडले. आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी भोकरमधून विधानसभेला उभे राहून सुमारे ९७ हजारांच्या फरकाने जिंकले. एकच माणूस, एकच पक्ष, आणि मतदारही बहुतांशी तेच. महापालिकेला डोक्यावर घेतले, लोकसभेला खाली उतरविले, विधानसभेला पुन्हा खांद्यावर घेतले. अशोकरावांवरचा लोभ आटला म्हणावे तर ऑक्टोबर समजत नाही. आटला नाही म्हणावे तर मे समजत नाही. लोकसभेचे मत वेगळ्या वहीत आहे असे धरले म्हणजे दोन्ही समजतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकरावांनी काँग्रेस सोडली आणि ते भाजपमध्ये जाऊन राज्यसभेवर गेले. ज्या चिखलीकरांनी त्यांना पाच वर्षांपूर्वी पाडले, त्यांच्याच प्रचाराला ते उतरले. जिल्ह्यातील पुढाऱ्यांची बेरीज केली तर भाजपचे पारडे इतके जड दिसत होते की निवडणूक घ्यावी की नाही असा प्रश्न पडावा. जूनमध्ये निकाल लागला : वसंतराव चव्हाण ५,२८,८९४, चिखलीकर ४,६९,४५२. काँग्रेस ५९,४४२ मतांनी पुढे. वसंतरावांचे आडनाव चव्हाण, पण घराणे वेगळे, नायगावचे. म्हणजे घराणे पक्षातून गेले आणि पक्ष पहिल्यापेक्षा सुखरूप निघाला.

ही केवळ नांदेडची हवा नव्हती, हे मान्य केले पाहिजे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने त्या उन्हाळ्यात सारा मराठवाडा तापला होता, राज्यघटना बदलणार काय ही धास्ती दलित वस्त्यांत होती, मुसलमान मतदार एकवटला होता, सोयाबीनचा भाव पडलेला होता. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली. पण हे सर्व विषय कोणत्या निवडणुकीला चिकटले ते पाहावे. आरक्षण, राज्यघटना, शेतमालाचा भाव, आयात-निर्यात : हे दिल्लीचे विषय आहेत, निदान मतदाराने ते दिल्लीचे मानले. नोव्हेंबरमध्ये गुलाबी कागदापाशी विषय बदलला. तेथे लाडक्या बहिणीचे पैसे होते, गावचा रस्ता होता, डीपी जळाली तर रात्री फोन कोण उचलतो हे होते. भोकरमध्ये श्रीजया चव्हाण उभ्या होत्या. २००९ पासून भोकरने या घराण्याखेरीज कोणाला निवडले नाही आणि २०२४ मध्येही निवडले नाही. घराण्याचे मत घराण्याला मिळाले, पण ते गुलाबी कागदावर. पांढऱ्या कागदावर ते बदली करता येईना.

या ठिकाणी विष्णुपुरीकरांची स्थिती मोठी नाजूक होती. नांदेड दक्षिणेत काँग्रेसचे उमेदवार मोहनराव हंबर्डे, तेव्हाचे आमदार. लोकसभेला भाजपचे उमेदवार संतुकराव हंबर्डे. घराणे एकच, आणि हंबर्डे हे आडनाव विष्णुपुरीला परके नाही. भावकीला धरून चालायचे म्हटले तर एका यंत्रावर हात दाबावा आणि दुसऱ्या यंत्रावर कमळ. पक्षाला धरून चालायचे म्हटले तर एका भावाला मत देऊन दुसऱ्याला पाडावे. निकालात दोघेही पडले, दोघेही थोडक्या मतांनी. नांदेड दक्षिणेची जागा शिवसेनेकडे गेली.

खासदाराने काय करायचे असते, याविषयी आपल्याकडे मोठा घोळ आहे आणि दोन मतांची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. लोक खासदाराकडे विहिरीचे अनुदान मागतात, शिक्षकाची बदली मागतात, दवाखान्यात खाट मागतात. खासदारही नाही म्हणत नाही, चिठ्ठी देतो. परंतु नांदेडचे काही प्रश्न असे आहेत की ते मुंबईला सुटूच शकत नाहीत.

बाभळीचे उदाहरण घ्या. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर महाराष्ट्राने बंधारा बांधला. खाली पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे आणि बाभळीचा बंधारा त्या धरणाच्या फुगवट्याच्या आत येतो, असे आंध्र प्रदेशचे म्हणणे. वाद पेटला, जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांना घेऊन बंधारा पाहण्यास निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. बंधारा महाराष्ट्राचा राहिला. पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसी. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा दरवाजे उघडे, आणि ती आटू लागते तेव्हा बंद. परतीचा पाऊस झाला तर साठा होतो, नाही तर बंधारा उन्हात उभा. हे काही मुंबईच्या सचिवालयाने केलेले नाही आणि ते त्याला बदलताही येणार नाही. दोन राज्यांच्या पाण्याचा तंटा दिल्लीच्या पातळीवरचा आहे. तेथे नांदेडच्या बाजूने कागद घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे खासदार.

रेल्वेचे तसेच. निजामाने मनमाड ते हैदराबाद मीटर गेज घातली, तेव्हापासून नांदेडची रेल्वे दक्षिणेकडे तोंड करून बसली आहे. २००३ साली नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला, तोही दक्षिण-मध्य रेल्वेत; मुख्यालय सिकंदराबाद. नांदेडच्या गाडीला डबा वाढवायचा तर अर्ज परराज्यात जातो. विभाग मध्य रेल्वेला जोडावा, ही मागणी जुनी आहे. या मागणीचा आमदाराशी संबंध नाही.

समुद्रकाठच्या राजापूर मतदारसंघाशी येथे तुलना केल्यावाचून राहवत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या त्या पट्ट्याने १९५७, १९६२ व १९६७ मध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै यांना आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा मधु दंडवते यांना निवडून दिले. राज्यात सत्ता काँग्रेसची, कोकणात आमदार नाना पक्षांचे. १९८९ च्या अखेरीस दंडवते जनता दलाचे खासदार झाले आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच पट्ट्यातल्या मालवणने शिवसेनेचे नारायण राणे आमदार केले. लोकसभेचे मत वेगळ्या खात्यावर ठेवण्याची रीत तेथेही दिसते, पण फरक आहे. राजापूरचा मतदार माणूस पाहत असे आणि माणूस सापडला की सोडत नसे. चौतीस वर्षांत दोनच खासदार. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, १९८९ मध्ये अर्थमंत्री, आणि १९९० मध्ये कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले. रूळ पुरते जोडले जाईपर्यंत १९९८ उजाडले. त्याआधीच, १९९१ मध्ये, राजापूरने दंडवत्यांना घरी बसविले होते. ते असो. नांदेडच्या मतदाराने माणूस कधी फार काळ टिकविला नाही. शंकररावांखेरीज मोठ्या खात्याचा केंद्रीय मंत्री येथून गेला नाही, आणि शंकरराव दुसऱ्यांदा गृहमंत्री झाले तेव्हा ते राज्यसभेत होते. पांढऱ्या कागदावरचा कौल येथे वेगळा असतो. पण तो देऊन मतदार जे मागतो ते मात्र बहुधा गुलाबी कागदावरचेच असते.

राहिला आकड्यांचा प्रश्न, आणि तिसऱ्या उमेदवाराचा. १९५७ साली फेडरेशनने येथून जागा जिंकली, १९८७ साली प्रकाश आंबेडकर येथे उभे राहिले, तो धागा पुढे तुटलेला नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते पडली. अशोकरावांच्या पराभवाचे अंतर त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. जून २०२४ मध्ये वंचितची मते लाखाच्या खाली आली आणि नोव्हेंबरमध्ये ती आणखी घटली. काँग्रेसवाले म्हणतात, ही मते आमचीच होती. आम्हांस हे पटत नाही. जो मतदार सत्तर वर्षे आपला वेगळा झेंडा धरून आहे, त्याचे मत दुसऱ्याच्या खिशातून पडलेले नाणे नव्हे. त्याला उमेदवार नसता तर तो कदाचित घरी बसला असता. पण एवढे खरे की, जागेचा निकाल अनेकदा या मतांच्या हालचालीवर लागतो, आणि तिच्याकडे लक्ष निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस जाते.

१,४५७ चा अर्थ असा. यांतील ७२९ माणसांनी बाजू बदलली असती, तर खासदार बदलला असता. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटून टाकले तर प्रत्येकी सव्वाशेसुद्धा नाहीत. एका मध्यम लग्नाच्या पंगतीत याहून अधिक पाने उठतात. तेव्हा २०२४ चा निकाल हा काँग्रेसचा विजय म्हणून मिरविण्यासारखा नाही आणि भाजपचा पराभव म्हणून हिणविण्यासारखाही नाही. जूनमधील ५९ हजारांचे अंतर पाच महिन्यांत दीड हजारावर आले होते. एकत्र मतदान झाल्यामुळे आमदारकीच्या उमेदवारांची यंत्रणा लोकसभेच्या मतावरही ओढ लावीत होती, आणि ती ओढ बरीच यशस्वी झाली. ती पूर्ण यशस्वी झाली नाही, ती ज्या मतदारांमुळे, ते किती होते हे पक्के सांगता येत नाही; परंतु सहाही ठिकाणी महायुतीचा आमदार निवडून देणाऱ्या रांगांमध्ये दुसऱ्या यंत्रापाशी थबकलेली माणसे हजारोंनी असली पाहिजेत, त्यावाचून हा निकाल लागत नाही. सगळी निवडणूक ज्यांनी फिरवली ती हीच माणसे, आणि त्यांची नावे कोणत्याही पुढाऱ्याच्या वहीत नाहीत.

शेवटी एक गोष्ट मतदारसंघाच्या सीमेविषयी. २००८ च्या फेररचनेनंतर नांदेड जिल्ह्याचे नऊ विधानसभा मतदारसंघ तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले आहेत. सहा नांदेडात; किनवट व हदगाव हिंगोलीत; आणि लोहा, ज्यात कंधार येते, ते लातूरच्या राखीव मतदारसंघात. विष्णुपुरीचे पाणी उपसा करून ज्या शेतांना द्यावयाचे, त्यांतील पुष्कळशी लोहा-कंधारच्या बाजूस आहेत. पाणी नांदेडच्या जलाशयातले, बाजार नांदेडचा, कज्जे नांदेडच्या न्यायालयात, जिल्हाधिकारी नांदेडचा, आणि खासदार लातूरचा. पाण्याच्या पाळीचे गाऱ्हाणे घेऊन कंधारचा शेतकरी नांदेडच्या खासदाराकडे आला, तर तो खासदार त्याला चहा पाजील; पण त्याच्या मताशी या खासदाराचे देणेघेणे नाही. ज्या कंधारने १९७७ साली नांदेडला खासदार दिला, त्या कंधारचा माणूस नांदेडच्या खासदाराला मतही देऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोह्यातून आमदार निवडून आले ते प्रतापराव चिखलीकर, नांदेडचे माजी खासदार, आता राष्ट्रवादी काँग्रेसचे. त्या दिवशी कंधारच्या मतदान केंद्रात यंत्र एकच होते आणि कागद गुलाबी होता.